सुरुवातीचा अल्झायमर: गल्लीत सांगावं की झाकून ठेवावं?

शहापूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. एरवी मी जुन्या बेळगावच्या धाग्यांवर असतो, आज विषय वेगळा आहे.

वय ६७. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. गेलं वर्षभर माणसांची नावं ऐनवेळी सुटत होती. वयाचं म्हणून सोडून दिलं. मग भिशीच्या वहीतली बेरीज कितीदाही केली तरी जुळेना, तेव्हा बायको म्हणाली आता दाखवायचंच. बी-१२, थायरॉईड, एमआरआय, प्रश्नोत्तरं, घड्याळाचं चित्र काढणं, सगळं झालं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: अल्झायमर, सुरुवातीची अवस्था. डोनेपेझिलची गोळी चालू आहे. बाजार, वाचन, देवपूजा माझं मी करतो. हा मजकूरही मीच टंकतोय, वेळ जास्त लागतो इतकंच.

औषधाचं डॉक्टर बघतील. माझा पेच असा आहे. गल्लीच्या भिशीची वही माझ्याकडे आहे आणि गणपती मंडळाचा खजिनदारही मीच. कारण न सांगता सोडलं तर लोक म्हणणार, मास्तरानं काहीतरी गडबड केली. कारण सांगितलं तर "मास्तरला वेड लागलं" हे संध्याकाळपर्यंत खडेबाजारात पोचणार. त्यात धाकट्या मुलीची स्थळं बघणं चालू आहे. पत्नी आणि पुण्यातला मुलगा दोघंही म्हणतात, लग्न होईपर्यंत तोंड बंद.

तुमच्या घरात असं झालं असेल तर काय केलंत? धीर देऊ नका, अनुभव सांगा.

राजहंसगड

मास्तर, आजार सांगा न सांगा, वही आधी सोडा. लोकांच्या पैशाला दुसरे डोळे पाहिजेतच. "मोतीबिंदू झालाय, आकडे दिसत नाहीत" म्हणा. एवढं खोटं चालतं की.

कडोलीची_लेक

राजहंसगड, खोटं चालतं ते चार महिने. पुढं काय होतं ते सांगते.

आईचं निदान झालं तेव्हा ती ७० ची. भावानं ठरवलं, गावात कुणाला कळता कामा नये. आई बोलायची छान, नटूनथटून बसायची, त्यामुळे खपूनही गेलं. कुणी घरी आलं की आम्ही तिच्या आधी उत्तरं द्यायचो. हळूहळू माणसं घरी बोलवणंच बंद केलं. तिचं भजनी मंडळ सुटलं, कारण तिथं ती एकटी असली की उघडं पडेल ही भीती.

मग एक दिवस ती पिशवीत आधार कार्ड घेऊन घरातून निघाली. कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झालेली, बायकांना बस फुकट. कंडक्टरनं कार्ड बघितलं, शून्य तिकीट फाडून दिलं. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून ती हुक्केरीच्या बाजूच्या बसमध्ये बसली, तिचं माहेर तिकडं. त्या बसमध्ये आमच्याच गल्लीतला एक माणूस होता! तिच्या शेजारी बसून संकेश्वरपर्यंत गप्पा मारत गेला आणि आपल्या कामाला उतरून गेला. त्याला वाटलं, म्हातारी माहेरी चाललीय. त्याची काय चूक? त्याला माहीत असतं तर त्यानं तिथूनच फोन लावला असता. आई रात्री उशिरा सापडली, माहेरच्या गावाच्या फाट्यावर. ज्या घरी जायचं म्हणत होती ते घर पाडून वीस वर्षं झालीत.

दुसऱ्या दिवशी भावानंच सगळ्या गल्लीला सांगितलं. त्यानंतर आईचं बाहेर पडणं उलट वाढलं, कारण किराणावाला, पिठाची गिरणी, देवळातला पुजारी सगळे तिला ओळखून वळवून आणायचे. भजनी मंडळातल्या बायका येऊन घेऊन जायच्या. शब्द विसरायची, चाल नाही.

हुक्केरी_एक्सप्रेस

शक्ती योजनेचा इतका पुरेपूर वापर कुणी केला नसेल. (माफ करा अक्का.)

कडोलीची_लेक

माफ. आम्हीपण आता हसतो त्यावर. आईसुद्धा हसायची, कुणाची गोष्ट आहे ते न कळता.

मुक्काम_पुणे

मी उलट बाजूनं लिहितो, कारण इथं सगळे "सांगा सांगा" म्हणणार हे दिसतंय. आमच्या चुलत बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. बोलणी झाली होती, फक्त सुपारी फोडायची बाकी. तिच्या वडिलांच्या आजाराची गोष्ट मधल्या माणसानं तिकडं पोचवली. त्यांनी कारण वेगळंच दिलं, पण सगळ्यांना कळलं. गल्लीचं प्रेम, आधार वगैरे ठीक आहे, पण भोगणार ती मुलगी. मास्तर, वर्षभर थांबलात तर आभाळ कोसळणार नाही. तुमचा मुलगा बरोबर सांगतोय.

तिखट_कुंदा

जे लोक या कारणानं लग्न मोडतात त्यांच्या घरात मुलगी गेली नाही हे बरंच झालं की.

मुक्काम_पुणे

हे वाक्य लिहायला सोपं. तिच्या आईसमोर बोलून दाखवा.

मेंदूवाला

मी मेंदूविकाराचा डॉक्टर आहे, सीमाभागातच काम करतो. मास्तरांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या औषधाबद्दल बोलणार नाही. पण लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

"सुरुवातीची अवस्था" म्हणजे आजार पहिल्या पायरीवर आहे. "कमी वयातला अल्झायमर" म्हणजे ६५ च्या आत सुरू झालेला. मास्तरांचा पहिल्या गटातला दिसतो. आई किंवा वडिलांकडून थेट मुलांत उतरणारा प्रकार असतो, तो एपीपी आणि प्रेसेनिलिन या जनुकांतल्या बदलांमुळे. पण तो एकूण रुग्णांत फारच थोड्यांना असतो आणि बहुतेकदा तिशी ते पन्नाशीतच डोकं वर काढतो. मास्तरांसारख्या वयात सुरू झालेल्या आजारात मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त, एवढंच म्हणता येतं. मधुमेह असलेल्या घरात लग्नं होतात ना? मग इथं "घराण्यात आहे" म्हणून हात झटकणाऱ्याला एवढं जरूर सांगा.

आणि हे काही दुर्मीळही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास माणसं. गल्लीत साठीपुढची चौदा माणसं मोजा. त्यात एक असायचाच. बाकीच्या घरांतही झाकलंय, म्हणून मास्तरांना आपण एकटे वाटतो.

मास्तर, एक विनंती. सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्याही स्मरणशक्ती आणखी मंद करतात. नवी गोळी सुरू करताना डोनेपेझिल चालू असल्याचं प्रत्येक डॉक्टरला सांगा, कारण तिनं नाडी मंदावू शकते. गल्लीला सांगायचं तेव्हा सांगा, मेडिकल दुकानदाराला मात्र आजच सांगा.

तिखट_कुंदा

डॉक्टर, त्या प्रश्नोत्तरांबद्दल विचारायचंय. आमच्या अण्णांची परीक्षा एका मोठ्या दवाखान्यात झाली. विचारणारी मुलगी धारवाडकडची, सगळं कन्नडमधून. अण्णांचं कन्नड बाजारापुरतं: दर विचारणं, घासाघीस, पाहुण्याला जेवलास का विचारणं. तिनं तीन शब्द सांगितले आणि नंतर आठवायला लावले. अण्णांना त्यातला एक शब्द मुळात माहीतच नव्हता. नसलेला शब्द आठवणार कुठून?

त्यानंतर प्रश्न आला, आपण कोणत्या राज्यात आहोत. अण्णा १९५६ पासूनचे सीमालढ्याचे कार्यकर्ते. ताठ बसून म्हणाले, "महाराष्ट्रात. अन्यायानं इकडं डांबलंय." तिनं चूक लावली. गुण कमी!

हुक्केरी_एक्सप्रेस

😂😂 खुर्चीवरून पडलो. हा प्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे. निकाल लागेपर्यंत अण्णांना अर्धा गुण द्यायलाच हवा.

घटप्रभा

विनोद ठीक, पण आजारी माणसाच्या धाग्यात राजकारण कशाला? बेळगावी कर्नाटकात आहे. कर्नाटकात राहायचं, इथल्याच दवाखान्यात जायचं, आणि कन्नड येत नाही म्हणून रडायचं.

राजहंसगड

सुरू झालं.

सीमावासी_५६

घटप्रभा, दवाखान्यात आपल्या भाषेत बोलायला मिळावं यात राजकारण कुठलं? महाजन अहवाल...

(पुढचा मजकूर प्रशासकांनी काढला आहे.)

प्रशासक

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, एकही रिकामा नाही. इथं विषयावर राहा. तिखट_कुंदा यांचा परीक्षेच्या भाषेचा मुद्दा विषयात बसतो, त्यावर जरूर बोला.

मेंदूवाला

मुद्दा खरा आहे. चाचणी माणसाच्या घरच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाला धरून व्हायला हवी. नाहीतर निरोगी माणूस आजारी ठरतो. उलटही होतं. मास्तरांसारखा आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस चांगले गुण मिळवतो आणि आजार सुटून जातो. मराठीतून विचारा असं स्पष्ट सांगायचं. तेही न जमलं तर घरचं माणूस दुभाषी म्हणून बसवावं, पण त्यानं उत्तर सुचवायचं नाही. हे फार कठीण जातं, बायका नवऱ्यासाठी ओठ हलवतात.

आणि दोन भाषांची बाजू नुसती तोट्याचीच नाही. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो छापून आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. एका अभ्यासावरून उड्या मारू नयेत, पण कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या आपल्या बाजारातल्या भाजीवालीनं मेंदूची कमाई केलीय असं म्हणायला हरकत नाही.

हुक्केरी_एक्सप्रेस

म्हणजे घटप्रभा आणि सीमावासी यांनी एकमेकांची भाषा शिकली तर दोघंही साडेचार वर्षं जास्त भांडू शकतील.

घटप्रभा

😄 मान्य. हे मराठीतच लिहितोय की मी.

निसर्गोपचार_प्रेमी

रोज सकाळी ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गाईचं तूप. आमच्या ओळखीत एका गृहस्थांचा अल्झायमर मुळापासून गेला. ॲलोपॅथीत औषधच नाही हे तेच कबूल करतात.

मेंदूवाला

मुळापासून गेला असेल तर तो अल्झायमर नव्हता. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि इलाज केला की सुधारतो. म्हणूनच आधी त्या तपासण्या करतात. आजच्या गोळ्या आजार थांबवत नाहीत, काही काळ कारभार नीट चालवायला मदत करतात. लेकॅनेमॅब नावाचं नवं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजूर झालं. ते सुरुवातीच्या अवस्थेतल्यांसाठीच आहे. दीड वर्षाच्या चाचणीत त्यानं घसरण साधारण २७ टक्के हळू झाली. पण सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून घ्यावं लागतं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का यासाठी एमआरआय करत राहावे लागतात. तूप खा, चव चांगली लागते.

वकील_निपाणी

मास्तर, सगळे तुम्हाला लोकांना सांगा की नको ते सांगताहेत. मी कागदांचं सांगतो, ते लग्नासाठी थांबत नाहीत.

लोक धावत येऊन मुख्त्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून मागतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ वाचा: मुख्त्यारपत्र देणाऱ्याचं मन कायद्याच्या लेखी शाबूत राहिलं नाही की मुख्त्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी निकामी. त्यावर विसंबू नका. बँकेतली खाती "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी पत्नीबरोबर जोडून घ्या. नॉमिनी तपासा. मृत्युपत्र आत्ताच करा, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नसली तरी करा. मन शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा जोडा. उद्या भावकीतलं कुणी "तेव्हाच डोकं गेलं होतं" म्हणालं तर तो कागद बोलेल. अल्झायमरचं निदान झालं म्हणून मृत्युपत्राचा हक्क जात नाही, आपण काय करतोय हे त्या घडीला कळत असलं पाहिजे.

आपल्याकडची खास गोष्ट: दस्त कन्नडमध्ये तयार होऊन येतो आणि आपली माणसं खुणेच्या जागी सही करून मोकळी होतात. "मला मराठीत वाचून समजावून सांगितला" ही ओळ दस्तात घालून घ्या आणि खरंच वाचून घ्या. जमीन असेल तर उताऱ्यावरची नावंही आत्ताच बघा.

अजून एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, पुढं मला स्वतःला ठरवता आलं नाही तर उपचार कसे करावेत, कसे करू नयेत, माझ्या वतीनं कोण बोलेल, हे आधीच लिहून ठेवता येतं. फार थोडे लोक करतात.

कडोलीची_लेक

वकीलसाहेब, हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. आईच्या अंगठ्यासाठी बँकेनं आमची जी वरात काढली ती काय सांगू.

आजरेकर_काकू

सगळं वाचलं. मास्तरांच्या बायकोला कुणी काही विचारलं का? ती "तोंड बंद" म्हणते म्हणून इथं ती मागासलेली ठरली.

माझ्या यजमानांना हा आजार होऊन बरीच वर्षं झाली. लोकांना कळलं की काय होतं ते मी बघितलंय. यजमानांना कुणी काही म्हणत नाही. बोलतात ते बायकोला. "तुम्ही त्यांना एकटं कसं सोडता?" "तुम्ही त्यांच्यावर ओरडता म्हणून ते विसरतात." एकीनं तर मला सांगितलं, स्वयंपाकात अॅल्युमिनियमची भांडी वापरलीत म्हणून झालं. वर प्रत्येकीचा एक उतारा, एक देव, एक वैद्य. या सगळ्यांना चहा करून देत बसायचं ते मी. तेव्हा ती झाकते ते लाजेनं नसेल, थकव्याच्या भीतीनं असेल.

मास्तर, सांगायचं तर तुम्ही सांगा. तिला सांगायला लावू नका. तुम्ही स्वतः बोललात तर लोक तुमच्याशी बोलतील. तुमच्या मागं कळलं तर तिच्याशी कुजबुजतील. आणि तुम्हाला बोलता येतंय ते आत्ता.

राजहंसगड

काकू, मोतीबिंदू मागे घेतला.

मुक्काम_पुणे

काकूंचं पटलं. तरी लग्नाच्या मुद्द्याला अजून कुणी हात घातलेला नाही.

शहापूरचा_मास्तर

मी मास्तरांची धाकटी. बाबांच्याच आयडीवरून, त्यांच्या शेजारी बसून लिहितेय.

माझ्या लग्नावर एवढे लोक बोलले, मला विचारलं एकानंही नाही. घरातसुद्धा. मी २९ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. ज्या मुलाशी बोलणं पुढं जाईल त्याला मी स्वतः दुसऱ्या भेटीत सांगणार. पहिल्या भेटीत नाही, तेव्हा अजून तो आवडलेलाही नसतो. त्याच्या आईवडिलांना त्यानं सांगायचं. मुक्काम_पुणे काका, तुमची काळजी कळते, पण लग्नानंतर कळलं तर सासरी "फसवलं" हा शब्द मला आयुष्यभर ऐकावा लागेल. मोडायचं तर आधी मोडू दे.

आता बाबा लिहितात.

---

मुलीनं लिहिलं ते मी वाचलं. घरात त्यावरून दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, आज जेवण एकत्र झालं.

सगळ्यांना उत्तर देतो. कुणी काय लिहिलं ते बघायला पुन्हा पुन्हा वर जावं लागलं, पण ते तुम्हीही करता. भिशीतल्या दोन जुन्या सभासदांना घरी बोलावून कागद दाखवला. एक गप्प झाला. दुसरा म्हणाला, माझ्या आईला हेच होतं, आम्ही "म्हातारचळ" म्हणत होतो. वही त्याच्याकडे दिली, जुना हिशेब तिघांनी बसून तपासला, सह्या केल्या. मंडळाचं खजिनदारपद बैठकीत सोडणार आणि कारण मीच सांगणार. बायकोनं अजून होकार दिलेला नाही, पण बैठकीला येणार म्हणते. मेडिकलवाल्याला सांगितलं. स्कूटर चालवणं सोडायला सांगितलंय ते मात्र जड जातंय. रेल्वेचं फाटक पडलं की सगळे कुठूनही घुसतात, तिथं माझं डोकं गरगरतं हे खरं आहे. चालत जातोय.

वकीलसाहेब, मुख्त्यारपत्राचं माहीत नव्हतं. मुलगा तेच करायला पुण्याहून येणार होता.

काकू, तुमचं लिहिलेलं पत्नीला वाचून दाखवलं. तिनं तुमचा नंबर मागितलाय.

आजरेकर_काकू

इथं नको, निरोप पाठवते. दुपारी तीननंतर फोन करायला सांगा, तेव्हा हे झोपलेले असतात.

हुक्केरी_एक्सप्रेस

मास्तर, पुढची भिशी कुणाला लागणार आहे?

शहापूरचा_मास्तर

वहीवाल्याला विचार. 😄 मला आता गणितं विचारा, भूमितीची चालतील.

चिकोडी_रोड

धागा उशिरा वाचला. माझे सासरे ७२. तेच तेच विचारतात, टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात, चारचौघांत बोलणं बंद केलंय. बेंगळुरूला न्यायची ऐपत नाही. सुरुवात कुठून करू?

मेंदूवाला

आधी कान तपासा. ऐकू न आल्यानंही माणूस असाच वागतो, आणि कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाचं टाळता येण्याजोगं एक मोठं कारण मानतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये अशी १४ कारणं दिली, त्यात हे आहे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणाही आहे. यंत्र लागत असेल तर लावा. सोबत बी-१२, थायरॉईड, साखर. हे जिल्हा रुग्णालयातही होतं, बेंगळुरूची गरज नाही. तिथंच मेंदू-आरोग्याच्या क्लिनिकची चौकशी करा. निम्हान्स (बेंगळुरूची मेंदू आणि मानसिक आरोग्याची संस्था) आणि राज्य सरकारचा तसा उपक्रम आहे. घरात कुणी फार थकलं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, भाषा निवडता येते. तपासायला नेताना सासऱ्यांना मराठीतूनच विचारा म्हणून सांगा.

चिकोडी_रोड

आमच्याकडं घरात कन्नडच बोलतात हो, मी एकटी मराठी.

मेंदूवाला

मग कन्नडमधून. आणि तुम्ही दुभाषी म्हणून बसू नका, दुसऱ्या कुणाला बसवा.